रोड ट्रेन समृद्धीवर धावेल, पण मानकोलीला वळेल का?

गोदामवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

भिवंडीत मानकोलीजवळच्या एका गोदामात गाड्या लावायचं-सोडायचं काम मी १७ वर्षं करतोय. नागपूर-भिवंडी मार्गावर व्होल्वोची रोड ट्रेन, म्हणजे एकाच घोड्यामागे (पुढच्या ओढणाऱ्या ट्रकामागे) दोन डबे (ट्रेलर), सुरू झाल्याची बातमी आली तेव्हापासून आमच्या टपरीवर दुसरा विषय नाही. इथे चालक आहेत, रस्त्यांची कामं करणारे आहेत, बाहेरदेशी राहणारेही आहेत, म्हणून धागा काढतोय.

आधी नियमाचं सांगतो. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९३ वा नियम बदलला आणि रोड ट्रेनला २५.२५ मीटर लांबी मंजूर झाली. आपला नेहमीचा ट्रेलर १८.७५ मीटरपर्यंत. म्हणजे साडेसहा मीटर वाढ.

आता आमच्या गल्लीतलं सांगतो. मागच्या पावसाळ्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास ४० फुटी कंटेनर घेऊन एक ट्रेलर आत वळला. घोडा व्यवस्थित आला. पण ट्रेलरची मागची चाकं घोड्याच्या चाकोरीतून येत नाहीत, आतल्या अंगाने कापत येतात. डावीकडची चाकं गटाराच्या फरशीवर चढली, फरशी मधोमध तुटली आणि गाडी तिथेच बसली. क्रेन यायला पावणेदोन तास लागले. तोवर गल्ली बंद, नाका बंद, रांगेत एक शाळेची बस. त्या बसमधली मुलं खिडकीतून पाणी मागत होती, आम्ही गोदामातल्या बाटल्या नेऊन दिल्या. हे एका डब्याच्या गाडीचं झालं. दोन डब्यांची आली तर?

तरीही मी या गाडीच्या विरोधात नाही. आमच्याकडे येणारा माल बहुतेक हलका असतो: कपडे, चपला, डायपर, प्लास्टिकची भांडी. डबा छतापर्यंत भरतो, पण काट्यावर वजन निम्मंसुद्धा भरत नाही. असा माल एका घोड्यामागे जास्त गेला तर डिझेल वाचेल, आणि एका चालकात काम होईल. चांगला चालक मिळणं किती अवघड झालंय हे इथल्या वाहतूकवाल्यांना माहीत आहेच. माझा प्रश्न एवढाच, की ही गाडी नेमकी कुठून कुठपर्यंत न्यायची?

निवृत्त_चालक

गोदामवाले साहेब, २२ वर्षं ट्रेलर चालवला. न्हावा शेवा ते इंदूर, बहुतेक फेऱ्या कसारा घाटातून. तुमची फरशी मी मनाने बघितली, अशा कितीतरी फरशा आमच्या चाकाखाली गेल्यात.

लोकांना लांबीची भीती वाटते. चालकाला भीती वाटते ती हवेची. ट्रेलरचा ब्रेक हवेवर चालतो. पेडल दाबलं की हवा पाइपातून मागच्या आसापर्यंत, म्हणजे ॲक्सलपर्यंत, पोचायला वेळ लागतो. पुढचा थांबायला लागतो आणि मागचा अजून ढकलतोय, असा एक क्षण असतोच. उतारावर, ओल्या रस्त्यावर तो क्षण वाईट असला तर घोडा आणि ट्रेलर कोपरातून दुमडतात. मग स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं. दोन डबे म्हणजे असे कोपर दोन. नवीन गाड्यांत ब्रेकचा हुकूम विजेच्या तारेतून जातो, त्यामुळे सगळ्या आसांना एकदम कळतो. तो ब्रेक दोन्ही डब्यांना असेल आणि रोज कोणी तपासत असेल, तर गाडी धोक्याची नाही. नसेल तर मी माझ्या पोराला त्या गाडीवर बसू देणार नाही.

दुसरं, रिव्हर्स. एका कोपराचा ट्रेलर मागे घ्यायचा तर डावीकडे न्यायला स्टेअरिंग उजवीकडे. हे अंगवळणी पडायला मला सहा महिने लागले. दोन कोपर असले की मधला डबा एकीकडे जातो, शेवटचा तिसरीकडेच. ज्या गाडीला रिव्हर्स घेता येत नाही तिला असा रस्ता लागतो जिथे रिव्हर्सची वेळच येणार नाही. गाडी पास करण्याआधी पासिंग त्या रस्त्याचं करा.

पर्थकर

निवृत्त_चालक काकांच्या शेवटच्या वाक्यावर इथलं सगळं तंत्र उभं आहे, म्हणून लिहितोय.

पश्चिम ऑस्ट्रेलियात मेन रोड्स हे सरकारी खातं मोठ्या गाड्यांसाठी रस्त्यांची वर्गवारी करतं. कुठे २७.५ मीटरपर्यंत, कुठे ३६.५, कुठे ५३.५. परवाना मिळतो तो अमुक गाडीला अमुक रस्त्यावर. ५३.५ मीटरवाली गाडी, तीन-तीन डबे लावलेली, उत्तरेकडच्या खाणींच्या आणि गुरांच्या मुलखात चालते. शहराच्या अलीकडे तळ केलेले असतात. तिथे डबे सोडायचे आणि शहरात लहान गाडी न्यायची. माझ्या घराजवळच्या रस्त्यावर मी अशी गाडी एकदाही पाहिलेली नाही.

हे तंत्र आलं ते गरजेतून. १९३४ मध्ये ब्रिटिश बनावटीची पहिली सरकारी रोड ट्रेन ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या ॲलिस स्प्रिंग्जला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर कर्ट योहानसन या माणसाने लष्कराच्या मोडीत निघालेल्या ट्रकामागे स्वतः बनवलेले ट्रेलर जोडून गुरं न्यायला सुरुवात केली. त्याच्या ट्रेलरची चाकं पुढच्याच्या चाकोरीतून यायची, तीच त्याची खरी करामत. ॲलिस स्प्रिंग्जहून उत्तरेला डार्विनपर्यंत रेल्वे पोचली २००४ साली. तोवर ट्रक हीच त्या भागाची मालगाडी होती.

एकदा स्टुअर्ट हायवेवर मी ५३ मीटरच्या गाडीला ओलांडलं. ती १०० ने, मी ११० ने. ताशी १० किमीचा फरक म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. पुढेमागे अंतर धरून साधारण १२० मीटर पार करायचे होते. ४० सेकंदांहून जास्त वेळ मी उलट्या लेनमध्ये होतो आणि तेवढ्यात सव्वा किलोमीटर पुढे गेलो. समोर क्षितिजापर्यंत कोणी नव्हतं म्हणून जमलं. बायको शेजारी बसली होती, तिने मनातल्या मनात सेकंद मोजले, नंतर सांगितलं.

रोज_कशेळी

मी रोज स्कूटरने कशेळी पूल ओलांडते. २५ मीटरची असो की १२ मीटरची, मोठी गाडी डावीकडे वळताना बाजूच्या स्कूटरचं काय होतं ते मला माहीत आहे, कारण दोन वर्षांपूर्वी मी त्या जागेत अडकले होते. गाडीने मला धक्का मारलाच नाही. फक्त तिची मधली बाजू जवळ जवळ येत गेली आणि उजवीकडची जागा संपली. मी स्कूटर टाकून कठड्यावर चढले. चालकाला मी आरशात दिसलेच नव्हते, तो बिचारा खाली उतरून थरथरत होता.

डब्यांना बाजूचे लोखंडी अडसर नीट असावेत, अडसर आणि जमीन यांच्यात माणूस जाईल इतकी फट राहू नये, हे आधी करा. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तिथे तुमची रोड ट्रेन खुशाल धावू दे. आमच्या रस्त्यावर नको.

मोऱ्या_आणि_पूल

पेशाने स्थापत्य अभियंता, पुलांची कामं करतो. तीन मुद्दे, पहिल्यावर जरा जास्त लिहितो कारण त्याबद्दल गैरसमज खूप.

"आपले पूल हे वजन झेलतील का?" असं सगळे विचारतात. आपल्याकडे पूल बांधताना भारतीय रस्ते काँग्रेसच्या संहितेतला 'क्लास ए' नावाचा भार धरतात. तो भार म्हणजे कागदावरची एक गाडी आहे. ती गाडी कशी आहे माहीत आहे? पुढे एक ओढणारं वाहन आणि मागे दोन ट्रेलर! आठ आस, एकूण ५५.४ टन, पहिल्या आसापासून शेवटच्या आसापर्यंत १८.८ मीटर. म्हणजे कित्येक दशकं आपण पूल बांधतोय ते दोन डब्यांची गाडी डोळ्यांपुढे ठेवूनच. लांब गाडीत वजन जास्त आसांवर आणि जास्त लांबीवर पसरतं, त्यामुळे लहान मोरीला तर ती आखूड, ठासून भरलेल्या डंपरपेक्षा बरी.

रस्त्याला मारतो तो एकेका आसावरचा भार. ढोबळ नियम असा, की आसाचं वजन वाढलं की डांबराचं नुकसान चौथ्या घाताने वाढतं. २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजनातली वाढ तेरा टक्क्यांच्या आत, पण हिशेबाने त्या आसाकडून होणारी झीज दीडपटीच्या वर. म्हणून लांबी वाढवा, आसावरचं वजन वाढवू नका, असं मी म्हणेन. गोदामवाल्यांचा हलका माल त्यात नेमका बसतो. सिमेंट, सळई, वाळू अजिबात नाही.

दुसरं, दुभाजकातल्या फटी. आपल्या चौपदरी महामार्गांवर दर गावाला यू-टर्नसाठी दुभाजक तोडलेला असतो. तिथे २५ मीटरची गाडी वळली तर घोडा पलीकडच्या लेनमध्ये आणि शेपूट अलीकडच्या. दोन्ही दिशा बंद, तेही समोरून ८० ने गाड्या येत असताना.

तिसरं, ओव्हरटेक. पर्थकरांचा हिशेब आपल्याकडचा करून पाहिला. ट्रक ६० ने, कार ८० ने, पुढेमागे वीस-वीस मीटर सोडून. १८.७५ मीटरच्या ट्रेलरला ओलांडायला सव्वाअकरा सेकंद, २५.२५ मीटरच्या गाडीला साडेबाराच्या जरा आत. समोरून येणाराही ८० ने धरला तर मोकळा रस्ता ५०० ऐवजी ५५० मीटर लागेल. फरक आहे, पण फार नाही. दुपदरी रस्त्यावर ५०० मीटर तरी कुठे मोकळे मिळतात? तिथे आजचा ट्रेलरसुद्धा नीट ओलांडता येत नाही.

स्टुटगार्टची_सई

जर्मनीत हा वाद दहा वर्षांपूर्वी जोरात होता. रस्त्यावर गर्दी इथेही भरपूर, त्यामुळे आपल्याला इथलं उदाहरण ऑस्ट्रेलियापेक्षा जवळचं आहे. २०१२ मध्ये २५.२५ मीटरच्या लांब ट्रकांची चाचणी सुरू झाली, २०१७ पासून ते नियमित झाले. मला महत्त्वाच्या वाटतात अशा दोन गोष्टी: लांबी वाढवली पण वजनाची मर्यादा नेहमीच्या ट्रकचीच ठेवली, ४० टन, आणि रेल्वेला जोडून केलेल्या वाहतुकीत ४४. आणि गाडी चालते ती यादीत नाव असलेल्या रस्त्यांवरच. शिवाय या गाड्यांना दुसऱ्याला ओव्हरटेक करायला बंदी आहे, पुढचं वाहन अगदी रखडत चालणारं असेल तरच सूट. आपल्याकडे एवढा एकच नियम पाळला गेला तरी निम्मी काळजी मिटेल. दोन ट्रक शेजारी-शेजारी दहा मिनिटं चालतात आणि मागे सगळा महामार्ग कोंडतो, हे दर सुट्टीत पुण्याला येताना बघते.

शिरोळचा_शेतकरी

सगळ्यांचं वाचलं. तुम्ही ज्याला रोड ट्रेन म्हणताय ती आमच्याकडे दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला सुरू होते आणि गळीत संपेपर्यंत चालते. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्हीत फाळक्याच्या वर माणूसभर ऊस. माल वीस टनांच्या घरात. सांगली-जयसिंगपूर रस्त्यावर अंकली पुलावर संध्याकाळी उभे राहा, एकामागे एक अशा किती जातात मोजा.

ब्रेक म्हणाल तर फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. ट्रॉलीला ब्रेकच नाही. दोन ट्रॉल्या जोडणारी एक पिन, मनगटाएवढी. चढाला ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं, पुढची चाकं रस्ता सोडतात, आणि पुढची चाकं हवेत म्हणजे स्टेअरिंग नाही. उताराला ट्रॉल्या मागून रेटतात. मी स्वतः आठ हंगाम चालवलंय, खोटं सांगत नाही.

पाच वर्षांमागे माझा चुलतभाऊ रात्री दहाला मोटारसायकलवरून घरी येत होता. मागच्या ट्रॉलीची पिन तुटली म्हणून कोणीतरी ट्रॉली रस्त्यात तशीच सोडून पिन आणायला गेलेलं. दिवा नाही, रेडियम नाही, चाकाखाली एक दगड. उसाचं पाचट रात्री रस्त्याच्याच रंगाचं दिसतं. भाऊ वाचला, पाय गेला. त्याची बायको आता त्याला दुकानावर सोडते आणि आणते.

तुमची नागपूरची गाडी आमच्या गाडीपेक्षा शंभर पटीने सुरक्षित असणार, दोन्ही डब्यांना ब्रेक, दिवे, सगळं. तिच्यावर एवढी चर्चा होते आणि आमच्या डबल ट्रॉलीवर होत नाही, याचं वाईट वाटतं.

निवृत्त_चालक

शिरोळवाले दादा, तुमच्या भावाचं वाचून थांबलो. रात्रीच्या गाडीला अशा ट्रॉल्या अचानक समोर यायच्या, कराडच्या पुढे मी कायम चाळीसवर यायचो. तुम्ही म्हणता ते खरं आहे, दोन डबे ओढायची सवय महाराष्ट्राला आधीपासून आहे, फक्त बिनब्रेकची.

पुण्याच्या नवले पुलाचंही सांगतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की सलग उतार. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे मी डोळ्यांनी बघितलेत. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर जातो, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि ऐन पुलापाशी लागेनासे होतात. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका ट्रकने ४८ गाड्यांना ठोकलं. एका डब्याची गाडी होती ती. अशा उतारावर दोन डबे न्यायची परवानगी कोणीही देऊ नये, ब्रेक कितीही नवे असोत.

पनवेल_लोको

रेल्वेत आहे, म्हणून बाजू घेतोय असं म्हणाल, तरी लिहितो. दादरी ते न्हावा शेवा हा १,५०६ किमीचा मालवाहतूक मार्ग बांधला तो एकावर एक दोन कंटेनर ठेवून नेण्यासाठी. दीड किलोमीटर लांब मालगाडी, समोरून कोणी येत नाही, कोणी ओव्हरटेक करत नाही. लांब पल्ल्याचा माल तिकडे वळवायला हवा. मात्र नागपूरहून रात्री निघालेला पार्सलचा डबा सकाळी भिवंडीच्या गोदामात पाहिजे असेल तर रेल्वेला आज ते जमत नाही, दोन्ही टोकांना उतरवाचढव करण्यातच वेळ जातो. तेवढ्या कामाला ही गाडी ठीक. कोळसा, सिमेंट, लोखंडासाठी कोणी रोड ट्रेन मागायला लागलं तर मी विरोधात उभा राहीन.

गोदामवाला

सगळ्यांचे आभार. शिरोळवाले दादा, तुमचा प्रतिसाद काल रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवला.

आता माझं म्हणणं नक्की झालंय. समृद्धी ७०१ किमीची, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किमीच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. दुभाजकात फट नाही, गावाचा फाटा नाही, दुचाकी नाही. नागपूरच्या टोकाला शिवमडक्याला चढलेली गाडी भिवंडीच्या टोकाला आमणेपर्यंत न वळता येते. तेवढ्यावर तिला चालू द्यावं. पण आमणे ते मानकोली, म्हणजे वडपे, रांजनोली आणि जुन्या आग्रा रोडची ती सगळी गर्दी, यातून तिने एक मीटरही येऊ नये. आमण्याला उतरल्या-उतरल्या तळ हवा. तिथे डबे सुटे करायचे आणि एकेक डबा लहान घोड्याने गोदामात. परवान्यावर रस्त्याचं नाव आणि उतरायचं ठिकाण छापलेलं असावं. मुंबई-नाशिक, पुणे-सोलापूर, पुणे-कोल्हापूर या रस्त्यांवर आज नाहीच. गावातून जाणारा, फटी असलेला एकही महामार्ग यादीत नको.

काल मी गोदामाच्या मालकांशी बोललो. ते म्हणाले, सुटं करण्यात वेळ गेला तर फायदा काय राहिला? चालक काका, किती वेळ लागतो?

निवृत्त_चालक

सपाट, पक्की जमीन असेल तर एका डब्याला पंधरा-वीस मिनिटं. आधी चाकांना लाकडी अडणी. मग हँडल फिरवून डब्याचे पाय जमिनीला टेकवायचे, कच्ची जमीन असली तर पायाखाली फळ्या. हवेचे दोन पाइप काढायचे, विजेची तार काढायची, त्यांची तोंडं बांधायची नाहीतर धूळ जाते. मग घोड्याच्या तव्याचा (ज्यावर डबा टेकतो आणि अडकतो त्या चकतीचा) दांडा ओढायचा आणि घोडा हळू पुढे. घाईत पाइप काढायला विसरले की पाइप तुटतो आणि दिवस जातो. जोडताना पिन बसल्याचा आवाज आला तरी खाली वाकून बॅटरीने बघायचं, नुसत्या आवाजावर जायचं नाही. मी एकदा गेलो होतो, डबा गुडघ्यावर बसला.

मालकांना सांगा, वीस मिनिटं तळावर गेली तरी चालतील. गटाराच्या फरशीवर पावणेदोन तास गेले होते.

आणि त्या तळावर चालकाला झोपायला खोली, पाणी, संडास ठेवा. समृद्धीवर गाडी उभी करून पाठ टेकायच्या जागा मोजक्या आहेत. नागपूरहून रात्रभर एकसारखा सरळ रस्ता बघत आलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात, पण दिसत काही नसतं.

रोज_कशेळी

चालक काका, तुमचा हा प्रतिसाद आमच्या गल्लीतल्या ट्रेलरवाल्यांना छापून देणार आहे, चालेल ना?

निवृत्त_चालक

द्या ताई. नाव नको घालू.

शिरोळचा_शेतकरी

मंडळी, एक सांगायला आलो. आमच्या गटातल्या सहा ट्रॅक्टरवाल्यांना काल पारावर बसवून हा धागा वाचून दाखवला. ब्रेकचं काम मोठं आहे, फिटर जयसिंगपूरहून बोलवावा लागेल, त्याने पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगितलंय. दिव्याचं मात्र आजच केलं. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून मागच्या ट्रॉलीच्या फाळक्यापर्यंत वायर ओढली, ऊस भरताना तुटू नये म्हणून चेसीच्या आतून पाइपातून घेतली. मागे दोन तांबडे दिवे, खाली रेडियमची पट्टी आडवी, आणि सुटी पिन प्रत्येक ट्रॅक्टरच्या पेटीत एक. भाऊ खुर्ची टाकून बसला होता, प्रत्येक ट्रॉली शंभर पावलं लांब नेऊन उभी करायला लावायचा आणि तिथून ओरडून सांगायचा, दिसतंय की नाही.